आभासी वास्तव आणि कामगारांचे प्रशिक्षण

काही कामे अशी असतात की त्यांत पहिली चूक हीच अखेरची चूक ठरण्याचा संभव असतो. विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन, बंद टाकीत उतरणारा सफाई कामगार, खाणीतील खोल बोगद्यात काम करणारा मजूर किंवा आग लागलेल्या इमारतीत शिरणारा अग्निशामक जवान यांना आपले काम चुका करीत करीत शिकण्याची मुभा नसते. पुस्तकातील आकृतीवरून नियम पाठ होतात. परंतु ऐनवेळी हात कोठे जावा, डोळ्यांनी प्रथम काय पाहावे आणि केव्हा थांबावे, ही जाण केवळ पाठांतराने येत नाही. ती सरावाने येते, आणि सराव म्हटला की चुका आल्याच. सराव हवा, पण जिवाला धोका नको, ही अडचण कशी सोडवावी?

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून ‘आभासी वास्तव’, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटी, या तंत्राकडे आज पाहिले जाते. हे तंत्र काय आहे, दूरच्या संगणकावरून ते शिकणाऱ्यापर्यंत कसे पोहोचविता येते, त्याचा खरा उपयोग कोठे होतो आणि त्यावर सार्वजनिक पैसा खर्च करण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासून पाहाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कल्पना जुनी, साधने नवी

धोक्याविना सराव ही कल्पना संगणकाहूनही जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ साली विमानचालनाचे शिक्षण देणारे एक यंत्र तयार केले. त्यांच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणाऱ्या भात्यांचाच उपयोग करून लिंक यांनी जमिनीवर राहून डोलणारी, वळणारी व कलणारी छोटी विमानपेटी बनविली. प्रारंभी तिच्याकडे गांभीर्याने पाहिले गेले नाही. पुढे १९३४ साली अमेरिकेच्या सैन्याकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले. धुक्यात व अंधारात केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याची सवय नसल्यामुळे थोड्याच आठवड्यांत अनेक वैमानिकांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर सैन्याने लिंक यांची यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक याच यंत्रावर शिकले.

डोळ्यांसमोर धरलेल्या पडद्यावर संगणकाने दृश्य उभे करण्याचा आरंभीचा महत्त्वाचा प्रयोग अमेरिकन शास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी केला. १९६८ साली त्यांनी या प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचे उपकरण छताला टांगलेले असे आणि त्यात केवळ रेषांनी काढलेल्या आकृती दिसत. परंतु मान वळविली की आकृतीची बाजूही वळत असे, आणि आजच्या सर्व उपकरणांचे मूळ या एका गोष्टीत आहे. १९८०च्या दशकात जॅरन लॅनियर यांनी ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ ही संज्ञा रूढ केली. त्यानंतर बराच काळ ही साधने संशोधनसंस्था व संरक्षणदले यांनाच परवडत होती. भ्रमणध्वनीच्या प्रसारामुळे लहान पडदे आणि हालचाल मोजणारे सूक्ष्म भाग स्वस्त झाले. २०१६ पासून ग्राहकांसाठी तयार केलेली हेडसेट बाजारात आली, आणि २०१९ पासून संगणकाच्या जोडणीवाचून चालणारी, हातांच्या हालचालीही टिपणारी हेडसेट सर्वसामान्य किमतीत मिळू लागली.

आभास कसा निर्माण होतो?

हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांसाठी किंचित वेगळी चित्रे दाखविली जातात. आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारे सहा सेंटिमीटर अंतरावर असल्यामुळे प्रत्यक्ष जगही आपण दोन किंचित भिन्न कोनांतून पाहतो, आणि मेंदू त्यांवरून खोलीचा अंदाज घेतो. हेडसेट याच नैसर्गिक रीतीचा उपयोग करते. त्यातील सूक्ष्म उपकरणे डोक्याची व हातांची हालचाल सतत मोजतात, आणि संगणक त्या हालचालीनुसार दर सेकंदाला ७२, ९० किंवा त्याहून अधिक वेळा नवे चित्र काढतो.

मान वळविल्यापासून बदललेले दृश्य डोळ्यांपर्यंत पोहोचण्यास सुमारे २० सहस्रांश सेकंदांहून अधिक काळ लागू नये, असा संकेत या क्षेत्रात सर्वमान्य आहे. हा विलंब वाढला तर डोळे एक सांगतात आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच सांगते. परिणामी घाटातून जाणाऱ्या मोटारीत होते तशी मळमळ होऊ लागते. पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी हा २० सहस्रांश सेकंदांचा हिशेब आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दूरचा संगणक आणि जवळचा शिकाऊ

हुबेहूब दृश्य काढण्यासाठी शक्तिशाली संगणक लागतो. तो प्रत्येक शिकाऊ उमेदवाराला देणे परवडणारे नाही. म्हणून एक मोठा संगणक दूर ठेवावा, दृश्य तेथे तयार करावे आणि ते तारमार्गाने हेडसेटपर्यंत प्रवाहाच्या रूपाने पाठवावे, ही कल्पना पुढे आली. यालाच ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात.

हा दूरचा संगणक बहुधा ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे आभासी संगणक असतो. एखाद्या मोठ्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदतात. वाडा एकच, परंतु प्रत्येकाची चूल वेगळी आणि कुलूप वेगळे. त्याचप्रमाणे एका मोठ्या यंत्राची शक्ती विभागून त्यावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याची व्यवस्था करता येते. ही कल्पनाही नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ सालीच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली जाहीर केली होती. पुढे चित्रे काढणाऱ्या विशेष भागाची शक्तीही अशाच प्रकारे वाटून देणे शक्य झाले. २०२०च्या सुमारास एनव्हिडिया कंपनीने ‘क्लाउड एक्सआर’ नावाची प्रणाली उपलब्ध करून दिली. अशा विभागलेल्या यंत्रांवर तयार झालेले आभासी दृश्य दूरच्या हेडसेटपर्यंत पाठविण्याचे कार्य ती करते.

या व्यवस्थेचे लाभ उघड आहेत. शिकणाऱ्याजवळ केवळ हलके हेडसेट असले तरी पुरते. पाठात दुरुस्ती करावयाची झाल्यास ती एकाच ठिकाणी केली की सर्व केंद्रांवर लागू होते. कारखान्याचे गोपनीय आराखडे उपकरणात साठवून ठेवावे लागत नाहीत. तसेच प्रत्येक उमेदवार काय पाहत आहे, हे निदेशकाला आपल्या पडद्यावर पाहता येते.

विलंबाचे गणित

तथापि या व्यवस्थेला निसर्गनियमाची मर्यादा आहे. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर वेगाने जातो. मुंबईत ठेवलेल्या संगणकापासून गडचिरोलीपर्यंत तारेचा मार्ग हजार किलोमीटर धरला, तर उमेदवाराच्या हालचालीची वार्ता मुंबईस जाण्यास ५ आणि चित्र परत येण्यास ५, असे एकूण १० सहस्रांश सेकंद केवळ प्रवासातच जातात. म्हणजे वाटेतील जोडण्या, चित्र काढणे, ते आकुंचित करणे व हेडसेटमध्ये पुन्हा उलगडणे यांना लागणारा वेळ मोजण्यापूर्वीच निम्मा अवधी संपलेला असतो.

यावर तंत्रज्ञांनी तोड काढली आहे. आलेले चित्र थोडे शिळे असले तरी हेडसेट ते मानेच्या ताज्या स्थितीनुसार ऐनवेळी सरकवून दाखविते. त्यामुळे मान वळविताना होणारा त्रास बराच कमी होतो. परंतु हाताने उचललेली वस्तू उशिराने हलते, ही उणीव त्याने भरून निघत नाही. पाहण्यापुरत्या पाठाला हे चालेल. हाताच्या कौशल्याच्या पाठाला चालणार नाही.

दुसरा प्रश्न वहनक्षमतेचा. प्रत्येक डोळ्यासाठी १,८३२ गुणिले १,९२० बिंदूंचे चित्र सेकंदाला ९० वेळा जसेच्या तसे पाठवावयाचे झाल्यास सेकंदाला सुमारे १५ अब्ज बिट पाठवावे लागतील. आकुंचन करून हा भार सुमारे ५० मेगाबिटपर्यंत आणता येतो; चित्र अधिक स्वच्छ हवे असल्यास तो वाढतो.

आता आपल्या गावाचा विचार करू. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मंजुरी दिली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत सेकंदाला १०० मेगाबिट क्षमतेची जोडणी नेण्याचे उद्दिष्ट या योजनेत ठेवण्यात आले. ही क्षमता पूर्णपणे मिळाली असे धरले, तरी त्यावर फार तर दोन हेडसेट चालतील, आणि तेवढ्या वेळात दाखले, बँकेचे व्यवहार व कार्यालयाचे अन्य काम थांबून राहील. वीस उमेदवारांच्या वर्गाचा तर विचारच करावयास नको.

यावरून व्यवहारात दोन मार्ग उरतात. जेथे दृश्य साधे असून चालते, तेथे पाठ हेडसेटमध्येच साठवावा. रात्रीच्या वेळी, जोडणीवर भार नसताना, तो उतरवून घेता येतो. जेथे दृश्य गुंतागुंतीचे असणे आवश्यक आहे, तेथे शक्तिशाली संगणक राजधानीत न ठेवता जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, शिकणाऱ्यांच्या वर्गाशेजारी ठेवावा. संगणक जवळ असला म्हणजे बाहेरच्या जोडणीवर अवलंबून राहावे लागत नाही आणि विलंबही कमी होतो.

अनुभव काय सांगतो?

आभासी सरावाचा प्रत्यक्ष कामात उपयोग होतो का, याची शास्त्रीय कसोटी शल्यक्रियेच्या क्षेत्रात घेण्यात आली. अमेरिकेतील येल विद्यापीठातील सोळा शिकाऊ शल्यचिकित्सकांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नेहमीच्या शिक्षणाबरोबर आभासी सराव दिला, निम्म्यांना दिला नाही. नंतर दोन्ही गटांनी पित्ताशयाची प्रत्यक्ष शस्त्रक्रिया केली. सराव केलेल्यांनी पित्ताशय विलग करण्याचा भाग २९ टक्के कमी वेळात पुरा केला. सराव नसलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याचे किंवा भलतीच पेशी भाजण्याचे प्रमाण पाचपट आढळले.

संधाता व्यवसायातील अनुभव आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना अधिक जवळचा वाटेल. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात झालेल्या अभ्यासांत केवळ कर्मशाळेत शिकलेल्या उमेदवारांपेक्षा, निम्मा वेळ आभासी यंत्रावर व निम्मा वेळ प्रत्यक्ष सांधकामावर घालविलेल्या उमेदवारांची प्रगती सरस ठरली. पत्रे, कांड्या व वायू यांचा खर्चही वाचला. मात्र पुढील तुलनेत असेही दिसले की सोप्या व मध्यम सांध्यांना केवळ आभासी सराव पुरला तरी अवघड सांध्यांसाठी प्रत्यक्ष ठिणग्यांसमोर बसण्यास पर्याय नव्हता.

अंतराळातील एक उदाहरणही हेच दर्शविते. हबल दुर्बिणीच्या आरशातील दोष दूर करण्यासाठी डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेने जी मोहीम पाठविली, तिच्या तयारीत शंभराहून अधिक जणांना आभासी दुर्बिणीवर शिकविण्यात आले. तरीही प्रत्यक्ष दुरुस्ती करणाऱ्या अंतराळवीरांचा जलाशयातील दीर्घ सराव कोणी रद्द केला नाही. दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक ठरल्या.

मोठ्या प्रमाणावरील वापराचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील वॉलमार्ट या दुकानसमूहाकडे पाहता येईल. २०१८ साली त्याने आपल्या दुकानांसाठी सुमारे १७,००० हेडसेट देण्याचे जाहीर केले. गर्दीच्या दिवशी काय करावे, ग्राहकाशी कसे बोलावे यांसारखे पाठ त्यात होते. हे हेडसेट स्वयंपूर्ण होते. दूरच्या संगणकाशिवाय पाठ चालत असे. मात्र ज्या प्रकारचे हेडसेट त्यावेळी घेतले गेले, त्याची विक्री उत्पादकाने २०२० साली थांबविली. उपकरण जुने होण्यास दोन वर्षेही पुरतात, हा धडा खरेदी करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

एका पाठाची रूपरेषा

शिक्षकांच्या सोयीसाठी एक पाठ कसा असावा ते पाहू. विषय : रोहित्रापलीकडील वाहिनीची दुरुस्ती. शिकाऊ उमेदवारापुढे गावाबाहेरचा खांब, तारा व स्विच असे दृश्य उभे राहते. त्याने प्रथम परमिट घ्यावे. मग स्विच उघडावा, त्याची तिन्ही पाती खरोखर सुटली आहेत का ते डोळ्यांनी पाहावे, कुलूप लावावे व सूचनाफलक अडकवावा. वाहिनी मृत असल्याची चाचणी घ्यावी. कामाच्या दोन्ही बाजूंना भूयोजन करावे. हातमोजे, शिरस्त्राण व कमरपट्टा तपासावा आणि मगच खांबावर चढावे.

आता पाठाचे मर्म पाहा. निदेशक गुप्तपणे स्विचचे एक पाते अडकलेले ठेवू शकतो, अथवा शेजारच्या घरातील जनित्रातून वाहिनीत उलट वीज आणू शकतो. उमेदवाराने चाचणी न घेता तारेला हात लावला तर पडदा काळा होतो आणि पाठ तेथेच थांबतो. त्याला इजा होत नाही, पण तो क्षण तो विसरत नाही. त्यानंतरची दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. हेडसेट काढून निदेशकाने वर्गासमोर विचारावयाचे असते, “कोणती पायरी राहिली? का राहिली?” हा संवाद झाला नाही तर पाठ खेळ ठरतो, झाला तर तो शिक्षण ठरतो.

याच पद्धतीने बंद टाकीत उतरण्यापूर्वी वायूची तपासणी करणे, शाळेतील आगीच्या वेळी मुलांना बाहेर काढणे किंवा पूरप्रसंगी वस्ती हलविणे यांचे पाठ रचता येतील. हे प्रसंग वर्षानुवर्षे येत नाहीत आणि आले म्हणजे विचारास सवड देत नाहीत. म्हणूनच त्यांना या तंत्राचा उपयोग अधिक. फाइल कशी भरावी किंवा अर्ज कसा तपासावा, हे शिकविण्यास मात्र साधा फळा व खडू पुरेसा आहे.

शिकणाऱ्यांची काळजी

आरंभीची सत्रे दहा-पंधरा मिनिटांहून मोठी नसावीत. ज्याला भोवळ किंवा मळमळ जाणवेल, त्याला तत्काळ थांबण्याची मोकळीक असावी. त्यास भित्रेपणा समजू नये. दोन डोळ्यांतील अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. हेडसेटची भिंगे त्यानुसार बसली नाहीत तर त्रास वाढतो. स्त्रियांना हा त्रास अधिक होण्याचे एक प्रमुख कारण भिंगांचे अंतर त्यांच्या डोळ्यांना न जुळणे हे असल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणून खरेदीपूर्वी मुलींनीही उपकरण लावून पाहणे अगत्याचे आहे. प्रत्येक वापरानंतर चेहऱ्याला लागणारा भाग पुसावा, चष्मा लावणाऱ्यांची सोय पाहावी आणि भोवतालची जागा मोकळी ठेवावी. लहान मुलांसाठी उत्पादकांनीच वयोमर्यादा घातलेली असते. प्राथमिक शाळांनी ती पाळावी.

आणखी एक बाब खासगीपणाची. हेडसेट मान व हात यांची प्रत्येक हालचाल टिपते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात पाच मिनिटांहूनही कमी काळाच्या अशा नोंदीवरून ५११ जणांपैकी सुमारे ९५ टक्के व्यक्ती ओळखता आल्या. तेव्हा ही माहिती कोणाजवळ राहील, किती काळ राहील आणि तिचा उपयोग कामगाराच्या बढतीसाठी किंवा शिक्षेसाठी होईल का, हे लेखी ठरले पाहिजे. आपल्या देशातही २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी कायदा संमत झाला आहे.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

संबंधित अधिकारी व पंचायत सदस्यांनी पुढील प्रश्न आधी विचारावेत.

१. हे काम प्रत्यक्ष शिकविणे धोक्याचे, दुर्मिळ किंवा फार खर्चाचे आहे काय? नसल्यास हेडसेटची गरज नाही.

२. पाठ मराठीत आहे काय? त्यातील अवजारे व कार्यपद्धती आपल्याकडील आहेत काय? परदेशातील स्विचवर झालेला सराव आपल्या खांबावर घात करू शकतो.

३. दूरच्या संगणकावरून पाठ येणार असल्यास, आपल्याच केंद्रात, कामाच्या वेळी आणि सर्व उमेदवार एकदम बसवून चाचणी घेतली आहे काय?

४. जोडणी तुटली तर वर्ग चालू राहील काय?

५. पाठ एकाच उत्पादकाच्या उपकरणाला बांधलेले आहेत काय? २०१९ साली जाहीर झालेल्या ‘ओपन एक्सआर’ या खुल्या मानकानुसार ते तयार केलेले असल्यास उपकरण बदलले तरी पाठ टिकण्याची शक्यता वाढते.

६. भाड्याने घेतलेला आभासी संगणक तासाच्या दराने आकारला जातो. वर्ग संपल्यावर तो बंद करण्याची जबाबदारी कोणाची?

७. निदेशकाच्या प्रशिक्षणासाठी व दुरुस्तीसाठी तरतूद केली आहे काय?

यांपैकी अखेरचा प्रश्न सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. पेटीतून बाहेर न निघालेली उपकरणे अनेक कपाटांत पडून असतात, याचे कारण बहुधा उपकरणात नसून ते चालविण्यास कोणाला शिकविलेच गेले नाही, हे असते.

समारोप

आभासी वास्तव हे चूक करण्याची सुरक्षित जागा निर्माण करून देणारे साधन आहे. त्याची थोरवी एवढीच आहे आणि ती थोडी नाही. दूरच्या संगणकावरून ते गावोगाव नेता येईल. पण अंतर, विलंब आणि जोडणीची क्षमता यांचा हिशेब मांडूनच. आणि त्या जोडीला खरी कर्मशाळा, खरा खांब व अनुभवी निदेशक असलाच पाहिजे.

खांबावर चढणाऱ्या मुलाची वाट पाहणारे कुटुंब घरी असते. तो संध्याकाळी सुखरूप परत यावा यासाठी त्याला दहा वेळा चुकण्याची संधी जमिनीवरच मिळावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. ती पुरी करताना साधनाच्या नावीन्याने भारून न जाता कामाची गरज प्रथम पाहिली, तर या तंत्रावर खर्च झालेला पैसा सत्कारणी लागेल.